शरणागतीच्या अटी आणि ताब्याचा प्रश्न : पाब्लो एस्कोबार प्रकरण, १९९० ते १९९३

फरारी टोळीप्रमुखाशी सरकारने बोलणी करावीत की करू नयेत, याच मुद्द्यावर अशा प्रकरणांची चर्चा बहुतेक वेळा अडकून पडते. कोलंबियाच्या सरकारने कोकेनच्या व्यापारातील सर्वांत धोकादायक माणसाला १९९१ मध्ये शरण आणले आणि तेरा महिन्यांनी तो हातातून निसटला. तो घटनाक्रम बारकाईने पाहिल्यावर मला वाटते की, खरा निर्णय त्या मुद्द्याच्या पलीकडे होता : कोणत्या गोष्टीवर देवाणघेवाण होऊ शकते आणि कोणत्या गोष्टीला हातच लावू द्यायचा नाही. पुढील मांडणी या दृष्टीने केलेली आहे. सार्वजनिक पदांवर असलेल्या किंवा इतिहासात नोंदल्या गेलेल्या व्यक्तींचीच नावे येथे दिली आहेत. ओलीस ठेवलेले बाकीचे लोक, त्यांचे कुटुंबीय आणि पहारेकरी यांची नावे टाळली आहेत.

पार्श्वभूमी

कोलंबिया आणि अमेरिका यांच्यात १९७९ मध्ये प्रत्यार्पणाचा करार झाला. मेदेयिन शहरातून कोकेनचा व्यापार चालवणाऱ्या टोळ्यांना खरी भीती या एकाच गोष्टीची होती. कोलंबियातील तुरुंग, न्यायालये आणि पोलीस पैशाने किंवा धमकीने वाकवता येत असत; अमेरिकेतील तुरुंगात यातले काहीच चालणार नव्हते. पाब्लो एस्कोबार १९८२ मध्ये संसदेवर पर्यायी सदस्य म्हणून निवडून आला होता. न्यायमंत्री रोद्रिगो लारा बोनिया यांनी त्याच्या पैशाचा उगम जाहीरपणे उघडा पाडल्यावर त्याचे राजकारण संपले. ३० एप्रिल १९८४ रोजी लारा बोनिया यांची बोगोटात हत्या झाली आणि तोवर प्रत्यार्पणाला राजी नसलेले राष्ट्राध्यक्ष बेलिसारिओ बेतांकुर यांनी प्रत्यार्पणाचा मार्ग खुला केला.

त्याच वर्षी मे महिन्यात पनामात एक महत्त्वाची, पण आज फारशी आठवली न जाणारी घटना घडली. टोळीप्रमुखांनी माजी राष्ट्राध्यक्ष आल्फोन्सो लोपेस मिचेल्सेन यांची गाठ घेतली आणि प्रत्यार्पण होणार नसेल तर धंदा सोडून देण्याची तयारी दाखवली. बातमी फुटली, जनमत खवळले आणि बोलणी तेथेच संपली. या भेटीतून एक गोष्ट स्पष्ट झाली होती, ती म्हणजे त्यांची मुख्य मागणी पहिल्या दिवसापासून एकच होती आणि पुढील सात वर्षांत ती बदलली नाही.

त्यानंतरचा काळ रक्तपाताचा होता. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यार्पण कराराला मान्यता देणारा कायदा स्वाक्षरीतील त्रुटीवरून रद्दबातल ठरवला आणि त्याच महिन्यात ‘एल एस्पेक्तादोर’ या दैनिकाचे संपादक गिएर्मो कानो यांना त्यांच्या कार्यालयाबाहेर गोळ्या घातल्या गेल्या. जानेवारी १९८८ मध्ये महाधिवक्ता कार्लोस माउरो ओयोस मारले गेले. ‘प्रत्यार्पणयोग्य’ अशा अर्थाच्या सामूहिक नावाने टोळीची पत्रके निघत आणि अमेरिकेतील कोठडीपेक्षा कोलंबियातील थडगे बरे, हे त्यांचे घोषवाक्य होते. १८ ऑगस्ट १९८९ रोजी राष्ट्राध्यक्षपदाचे प्रमुख उमेदवार लुईस कार्लोस गालान यांची सोआचा येथील प्रचारसभेत हत्या झाली. राष्ट्राध्यक्ष विर्हिलिओ बार्को यांनी आणीबाणीचे अधिकार वापरून प्रत्यार्पण पुन्हा सुरू केले. टोळीने त्याचे उत्तर बॉम्बने दिले : २७ नोव्हेंबर १९८९ रोजी आव्हिआंका कंपनीचे विमान हवेत उडवून दिले गेले, त्यात विमानातील १०७ आणि जमिनीवरील ३ जण ठार झाले. गालान यांच्या जागी उमेदवार झालेले सेसार गाविरिया त्या विमानात असतील, असा टोळीचा कयास होता. ते विमानात चढलेच नव्हते. नऊच दिवसांनी बोगोटातील गुप्तचर खात्याच्या मुख्यालयासमोर स्फोटकांनी भरलेले वाहन उडवण्यात आले.

पेच

७ ऑगस्ट १९९० रोजी गाविरिया राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा सरकार कोणत्या स्थितीत होते हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढच्या निर्णयांना न्याय देता येणार नाही. एस्कोबारचा साथीदार गोन्सालो रोद्रिगेस गाचा डिसेंबर १९८९ मध्ये चकमकीत मारला गेला होता, म्हणजे बळाचा वापर निष्फळ होता असे नाही. परंतु मेदेयिनमध्ये प्रत्येक पोलिसाच्या जिवावर बक्षीस लावलेले होते आणि शेकडो पोलीस मारले जात होते. दुसऱ्या बाजूला, पोलिसांच्या विशेष पथकावर डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांतील तरुणांना सरसकट ठार मारल्याचे आरोप होते आणि ते निव्वळ टोळीने पसरवलेले नव्हते. न्यायाधीश खटले चालवायला धजावत नव्हते. लोक थकले होते.

गाविरिया यांनी या गुंत्यातून एक भेद काढला, जो त्यांच्या संपूर्ण धोरणाचा पाया ठरला. अमली पदार्थांचा व्यापार ही आंतरराष्ट्रीय समस्या आहे आणि ती एकट्या कोलंबियाने सोडवावी अशी अपेक्षा चुकीची आहे. बॉम्ब, अपहरणे आणि हत्या यांचा दहशतवाद ही मात्र कोलंबियाची स्वतःची समस्या आहे आणि ती आधी थांबवली पाहिजे. वॉशिंग्टनला हा भेद आवडला नाही. माझ्या मते तो प्रामाणिक होता, कारण त्याची किंमत कोलंबियाचे नागरिक मोजत होते.

एस्कोबारचा पेचही लक्षात घ्यायला हवा. त्याचा चुलतभाऊ आणि व्यवसायातील सर्वांत जवळचा सहकारी गुस्ताव्हो गाविरिया ऑगस्ट १९९० मध्येच मारला गेला होता. कुटुंब सतत हलते ठेवावे लागत होते. पण त्याला हवी असलेली शरणागती म्हणजे पराभव नव्हता; ज्या जागी त्याला कोणी मारू शकणार नाही आणि जिथून त्याला कोणी अमेरिकेला नेऊ शकणार नाही, अशी जागा त्याला हवी होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता पाठलाग चालू ठेवण्याचा आणि प्रत्यार्पण हे हत्यार म्यानातून बाहेरच ठेवण्याचा. बार्को यांनी हेच केले होते. त्यात तत्त्वाची स्वच्छता होती, मात्र पुढच्या प्रत्येक बॉम्बची जबाबदारी सरकारच्या दारात येऊन पडणार होती.

दुसरा पर्याय राजकीय तडजोडीचा. एम-१९ या सशस्त्र संघटनेने मार्च १९९० मध्ये शस्त्रे खाली ठेवली होती, तिला माफी मिळाली होती आणि तिचे नेते निवडणुका लढवत होते. एस्कोबारच्या वकिलांचा आग्रह असा की, त्यांच्या अशिलांनाही हीच वागणूक मिळावी. गाविरिया यांनी हे ठामपणे नाकारले आणि त्या नकाराचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. खंडणी, अपहरण आणि कोकेन यांना राजकीय गुन्हा म्हणून मान्यता दिली असती, तर पुढे कोणत्याही टोळीने पत्रके काढून तोच दर्जा मागितला असता.

तिसरा पर्याय होता गुपचूप मांडवलीचा, म्हणजे मध्यस्थांमार्फत तोंडी शब्द देऊन प्रकरण मिटवण्याचा. १९८९ च्या अखेरीस तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या एका जवळच्या अधिकाऱ्याच्या मुलाचे अपहरण झाले, तेव्हा असा संवाद होऊन गेला होता. मुलगा सुटला, टोळीने काही स्फोटके व सामग्री सरकारच्या हवाली केली, आणि मग सरकारने कोणतेही आश्वासन दिल्याचे नाकारले. टोळीने याला विश्वासघात म्हटले. त्या वादात खरे कोण होते यापेक्षा महत्त्वाचे हे की, त्यानंतर तोंडी शब्दाला किंमत उरली नाही.

चौथा पर्याय गाविरिया यांनी निवडला : अटी गुप्त बैठकीत न ठरवता कायद्याच्या रूपात जाहीर करायच्या, त्या सर्वांना सारख्याच लागू असतील, आणि ज्याला पटेल त्याने न्यायाधीशापुढे यावे. ५ सप्टेंबर १९९० चा वटहुकूम क्रमांक २०४७ हे त्याचे पहिले रूप होते. स्वतःहून हजर होऊन कबुली देणाऱ्याला शिक्षेत सूट आणि प्रत्यार्पणापासून संरक्षण, हा त्याचा गाभा. कल्पना उत्तम होती, कारण जाहीर कायद्यामुळे सरकारचा शब्द तपासता येतो आणि कोणा एकाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. तथापि या पर्यायाची एक कमकुवत बाजू सुरुवातीपासून होती. वटहुकूम राष्ट्राध्यक्षांच्या सहीने निघत असल्यामुळे तो राष्ट्राध्यक्षांच्याच सहीने बदलताही येत होता, आणि समोरच्या माणसाला हे ठाऊक होते.

काय घडत गेले

वटहुकूम निघण्याच्या काही दिवस आधी, ३० ऑगस्ट १९९० रोजी, माजी राष्ट्राध्यक्ष हुलिओ सेसार तुर्बाय यांच्या कन्या आणि पत्रकार दियाना तुर्बाय यांना एका गनिमी नेत्याच्या मुलाखतीचे आमिष दाखवून सहकाऱ्यांसह पळवून नेण्यात आले. १९ सप्टेंबरला ‘एल तिएम्पो’ दैनिकाचे फ्रान्सिस्को सांतोस आणि वयोवृद्ध मारिना मोंतोया, तर ७ नोव्हेंबरला मारुखा पाचोन व त्यांची नणंद ओलीस झाल्या. निवड अतिशय हिशेबी होती : प्रत्येक प्रमुख ओलीस राजकारणातील किंवा वृत्तपत्रसृष्टीतील एखाद्या वजनदार घराण्यातील होता. एस्कोबारने वटहुकूम धुडकावला नाही. तो त्यातली एकेक ओळ बदलून घेऊ लागला.

सर्वांत कठीण प्रश्न तारखेचा होता. पहिल्या वटहुकुमात संरक्षण फक्त ५ सप्टेंबर १९९० पूर्वीच्या गुन्ह्यांना होते. सरकारची बाजू अशी की, तारीख पुढे सरकवणे म्हणजे शरण येईपर्यंत वाटेल ते करण्याची मोकळीक देणे. एस्कोबारची हरकत अशी की, त्या तारखेनंतरच्या कोणत्याही गुन्ह्यासाठी त्याला विमानात बसवून अमेरिकेला पाठवता येईल. आणि त्या तारखेनंतरची अपहरणे तर त्याच्या हातात धडधडीत होती. दोन्ही बाजू आपापल्या जागी तर्कशुद्ध होत्या आणि मध्ये माणसे साखळीला बांधलेली होती. डिसेंबरमध्ये वटहुकूम ३०३० निघाला, काही संदिग्धता दूर झाली, पण तारखेचा घोळ राहिलाच.

तरीही धोरणाला पहिले फळ याच काळात आले. ओचोआ बंधूंपैकी सर्वांत धाकटा फाबिओ १८ डिसेंबर १९९० रोजी हजर झाला, होर्हे लुईस १५ जानेवारी १९९१ ला आणि हुआन दाव्हिद फेब्रुवारीत. त्यांना इताग्वी येथील तुरुंगात ठेवण्यात आले. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

जानेवारी १९९१ च्या अखेरच्या आठवड्यात सर्व काही कोसळण्याच्या बेतात होते. टोळीचे दोन म्होरके पोलिसांनी मारल्यानंतर मारिना मोंतोया यांना ठार करून बोगोटात रस्त्याकडेला टाकून देण्यात आले. २५ जानेवारीला मेदेयिनजवळील कोपाकाबाना येथे पोलीस एका घरावर चालून गेले, तेव्हाच्या गोळीबारात दियाना तुर्बाय यांना गोळी लागली आणि त्यांचा मृत्यू झाला. ही ओलिसांच्या सुटकेची मोहीम नव्हती, असे पोलिसांचे म्हणणे होते. दियाना यांच्या आईने बळाचा वापर करू नका आणि तारखेची अट बदला, अशी विनवणी राष्ट्राध्यक्षांकडे आधीच केली होती. २९ जानेवारीला वटहुकूम ३०३ निघाला आणि तारखेचा अडसर दूर झाला : आता शरण येण्याच्या दिवसापर्यंतचे गुन्हे संरक्षणात येत होते. मुलीच्या मृत्यूनंतर चार दिवसांनी ही दुरुस्ती वाचताना त्या आईला काय वाटले असेल, हे सांगण्याची गरज नाही. प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्याने मात्र स्वतःला एक कठोर प्रश्न विचारला पाहिजे : जी सवलत शेवटी द्यायचीच होती, ती माणसे मरण्याआधी देता आली नसती का, आणि जी द्यायची नव्हती, ती माणसे मेल्यानंतर का दिली?

फेब्रुवारीत मारुखा पाचोन यांची नणंद सुटली. यानंतर मध्यस्थीचे सूत्र एका अनपेक्षित माणसाच्या हाती आले. मारुखा यांचे पती आल्बेर्तो व्हियामिसार हे संसदेत अमली पदार्थविरोधी कायद्यासाठी झगडलेले राजकारणी. १९८६ मध्ये त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झालेला. मारुखा स्वतः गालान यांच्या पत्नीची बहीण. म्हणजे बोलणी करणारा माणूस टोळीच्या बळींच्याच कुटुंबातला होता, आणि माझ्या मते म्हणूनच दोन्ही बाजूंना त्याच्यावर विश्वास ठेवता आला : तो विकला गेला आहे असे कोणी म्हणू शकत नव्हते. तो सरकारचा प्रतिनिधी नव्हता, सरकारला त्याच्या हालचाली माहीत होत्या, पण सरकारच्या वतीने काही देण्याचा अधिकार त्याला नव्हता. इताग्वीच्या तुरुंगात ओचोआ बंधूंना भेटून त्यांच्यामार्फत तो एस्कोबारपर्यंत पत्रे पोहोचवत असे.

दुसरे मध्यस्थ होते फादर राफाएल गार्सिआ एर्रेरोस. ऐंशी ओलांडलेले हे धर्मगुरू दूरचित्रवाणीवर रोज संध्याकाळी मिनिटभर बोलत आणि संपूर्ण देश त्यांना ओळखत असे. एप्रिल १९९१ मध्ये त्यांनी त्या एका मिनिटात एस्कोबारला उद्देशून आवाहन केले. मे महिन्यात ते स्वतः जाऊन त्याला भेटले. २० मे रोजी मारुखा पाचोन आणि फ्रान्सिस्को सांतोस यांची सुटका झाली. धर्मगुरूंचा उपयोग फक्त श्रद्धेपुरता नव्हता. फरारी माणसाला आपल्या साथीदारांसमोर मान न गमावता हजर होण्यासाठी एक निमित्त हवे असते, आणि पोलिसांपुढे हात वर करण्याऐवजी एका वृद्ध पाद्र्याच्या शब्दाखातर येणे त्याला परवडणारे होते. वाटाघाटींच्या कामात हे समजणारी माणसे कमी असतात.

याच वसंतात घटनासमिती नव्या राज्यघटनेवर काम करत होती. प्रत्यार्पणबंदीचा मुद्दा तिच्यासमोर होता. प्रत्यार्पणाविरुद्ध खरोखर तत्त्वनिष्ठ युक्तिवाद करणारे सदस्य तिच्यात होते, आणि पैसे व धमक्या तिच्यापर्यंत पोहोचल्याचे आरोपही झाले. १९ जून १९९१ रोजी समितीने ५१ विरुद्ध १३ मतांनी कोलंबियन नागरिकांच्या प्रत्यार्पणावर बंदी घातली. त्याच दिवशी दुपारी व्हियामिसार आणि फादर गार्सिआ एर्रेरोस ज्या हेलिकॉप्टरमधून गेले, त्यातून एस्कोबार तुरुंगात आला आणि आपले पिस्तूल त्याने अधिकाऱ्यांच्या हवाली केले. कबुली त्याने एकाच गुन्ह्याची दिली : त्याच्या मृत चुलतभावाने फ्रान्सला कोकेन पाठवण्याचा जो व्यवहार केला, त्यात मध्यस्थी केल्याची.

तुरुंग

इथवर जे झाले त्यावर मतभेद होऊ शकतात, पण त्याचे समर्थन करता येते. ओलीस सुटले, बॉम्ब थांबले, देशातील सर्वांत घातक माणूस न्यायव्यवस्थेच्या कागदावर आला. ज्या ठिकाणी हे सर्व ठेचकाळले ते ठिकाण म्हणजे ला कातेद्राल हा तुरुंग.

एन्व्हिगादो हे मेदेयिनला लागून असलेले गाव. एस्कोबार तिथेच वाढला होता. गावाच्या वरच्या डोंगरउतारावर व्यसनमुक्तीसाठी उभारलेली नगरपालिकेची इमारत तुरुंग म्हणून निश्चित झाली. जागेची मागणी त्याची होती. आतल्या पहाऱ्यात राष्ट्रीय तुरुंग खात्याच्या बरोबरीने एन्व्हिगादो नगरपालिकेने नेमलेली माणसे होती. बाहेरच्या कडेला लष्कर होते आणि पोलिसांना त्या परिसरात येण्यास मज्जाव होता.

यातील शेवटची अट ऐकायला सर्वांत अपमानास्पद वाटते, पण तिला आधार होता. मेदेयिनचे पोलीस आणि एस्कोबार यांच्यात उघड रक्तवैर होते. तो कोठडीत मारला गेला असता तर शरणागतीचे संपूर्ण धोरण त्याच्याबरोबर पुरले गेले असते. कैद्याच्या जिवाची हमी देणे हे कायद्याचे राज्य म्हणवणाऱ्या सरकारचे कर्तव्यच आहे. पण पोलिसांना दूर ठेवण्याचे उत्तर दुसऱ्या कोणत्यातरी स्वतंत्र, राजधानीला थेट जबाबदार असलेल्या दलाला आत ठेवणे हे होते. त्याऐवजी आतील जागा अशा लोकांच्या हाती गेली, ज्यांची घरे, मुले आणि पगार एस्कोबारच्याच गावात होते. अशा पहारेकऱ्याला प्रामाणिक राहा म्हणणे म्हणजे त्याला मरायला सांगणे. दोष त्या पहारेकऱ्यांचा मी मानत नाही.

परिणाम वेगाने दिसू लागला. फुटबॉलचे मैदान, बार, बिलियर्डचे टेबल, महागडे सामान, आणि नोंदीविना येणारे पाहुणे. १९९२ च्या सुरुवातीपर्यंत याची माहिती बोगोटात पोहोचली होती. चैनीच्या वस्तूंवर वर्तमानपत्रांनी फार लिहिले, पण गंभीर बाब वेगळी होती. तुरुंगातून टोळीचा कारभार चालत होता आणि बाहेर धंदा सांभाळणाऱ्यांकडून नियमित हप्ता वसूल केला जात होता. मोंकादा आणि गालेआनो या दोन भागीदारांनी पैसा दडवल्याच्या संशयावरून त्यांना जुलै १९९२ मध्ये तुरुंगात बोलावून घेतले गेले आणि तिथेच त्यांचा खून झाला. सरकारच्या ताब्यातील कैद्याने सरकारच्याच तुरुंगात माणसे मारली होती.

महाअभियोक्ता गुस्ताव्हो दे ग्रेइफ यांनी ही माहिती सरकारपुढे ठेवल्यावर एस्कोबारला लष्करी ठिकाणी हलवण्याचा निर्णय झाला. तो अमलात आणण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. उपन्यायमंत्री एदुआर्दो मेन्दोसा आणि तुरुंग खात्याचे प्रमुख कर्नल एर्नान्दो नाव्हास यांना तुरुंगात पाठवले गेले, बाहेर लष्कर आदेशांच्या गोंधळात तासन्‌तास थांबून राहिले, आणि आत त्या दोघांनाच ओलीस धरले गेले. २२ जुलै १९९२ च्या पहाटे सैनिक आत शिरले तोवर एस्कोबार आपल्या साथीदारांसह मागच्या बाजूने डोंगरात निघून गेला होता.

निष्पत्ती

पळून गेल्यावर तो सुमारे सोळा महिने जगला. या काळात सरकारने पोलिसांचे विशेष शोधपथक अमेरिकेच्या मदतीने पुन्हा उभे केले. तुरुंगात मारल्या गेलेल्या भागीदारांचे सोबती ‘लोस पेपेस’ या नावाने त्याची माणसे, वकील आणि मालमत्ता यांच्यावर तुटून पडले, आणि या सूडकऱ्यांचे पोलिसांशी असलेले संबंध हा कोलंबियाच्या लोकशाहीवरील न पुसलेला डाग आहे.

१९९३ मध्ये दुसऱ्यांदा शरणागतीची बोलणी झाली आणि तिचा अभ्यास पहिल्या बोलण्यांइतकाच व्हायला हवा, पण तसा तो होत नाही. या वेळी एस्कोबारची मुख्य मागणी अशी होती की, आपल्या कुटुंबाला आधी देशाबाहेर सुरक्षित जाऊ द्यावे. दे ग्रेइफ यांचे उत्तर असे की, आधी हजर व्हा. नोव्हेंबरअखेर कुटुंब विमानाने जर्मनीत पोहोचले, तिथे प्रवेश नाकारला गेला आणि ते बोगोटात परत आणले गेले. तिथल्या हॉटेलात असलेल्या कुटुंबाला तो फोन करू लागला. फोनचा माग काढत शोधपथक मेदेयिनमधील एका घरापर्यंत पोहोचले आणि २ डिसेंबर १९९३ रोजी छपरावरून पळताना तो मारला गेला. आदल्याच दिवशी त्याने चव्वेचाळीस वर्षे पूर्ण केली होती.

शरणागतीमुळे हिंसा थांबली का, याचे उत्तर दुहेरी आहे. देशभरातले बॉम्बहल्ले १९९१ च्या मध्यापासून वर्षभर थांबले, ही लहान गोष्ट नाही. मेदेयिन शहरात मात्र त्याच १९९१ साली दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ३८० खून झाले, कारण टोळीने तयार केलेली हत्यारबंद पोरे गल्लीगल्लीत तशीच होती आणि शरणागतीच्या अटींत त्यांचा कुठेही विचार नव्हता. प्रत्यार्पणावरील बंदी १९९७ मध्ये घटनादुरुस्तीने उठवली गेली, पूर्वलक्षी प्रभावाशिवाय. इताग्वीत राहिलेले ओचोआ बंधू काही वर्षांची शिक्षा भोगून बाहेर पडले. त्यांपैकी फाबिओचे पुढील काळातील गुन्ह्यांच्या आरोपावरून २००१ मध्ये अमेरिकेला प्रत्यार्पण झाले.

वेगळे काय करता आले असते

तेच वटहुकूम, तीच सवलत, तेच सरकार. ओचोआ बंधूंच्या बाबतीत धोरण निभावले आणि एस्कोबारच्या बाबतीत फसले. स्वभावातला फरक होताच. ओचोआंना धंद्यातून बाहेर पडायचे होते, एस्कोबारला धंदा टिकवायचा होता. पण ओचोआंनी स्वतःचा तुरुंग स्वतः निवडला नव्हता, हा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शिक्षा किती, प्रत्यार्पण होणार की नाही, कबुली किती गुन्ह्यांची, कुटुंबाला संरक्षण कसे, या सर्वांवर सरकारला देवाणघेवाण करता येते. जागा, पहारेकरी आणि झडतीचा अधिकार यांवर देवाणघेवाण झाली की जे घडते त्याला ताबा म्हणता येत नाही.

मुंबईच्या वाचकाला येथे दोन प्रकरणे आठवतील. दाऊद इब्राहिमने शरण येण्याची तयारी दाखवल्याचा प्रस्ताव राम जेठमलानी यांच्यामार्फत आला होता, हे शरद पवार यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे मान्य केले. त्याला तुरुंगात न ठेवता घरात राहू द्यावे ही अट स्वीकारण्याजोगी नव्हती, असे त्यांनी सांगितले. त्या नकारावर आजही टीका होते, आणि त्याची किंमत काय झाली हा वाद संपणारा नाही. परंतु ती अट ला कातेद्रालच्या जातीची होती. उलट अबू सालेमला पोर्तुगालकडून मिळवताना भारत सरकारने २००२ मध्ये जे आश्वासन दिले ते शिक्षेबद्दल होते : फाशी नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा अधिक कैद नाही. ते मोजता येणारे होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२२ मध्ये सरकार त्याला बांधील असल्याचे सांगता आले. सालेम त्या सर्व वर्षांत आपल्या तुरुंगाचा मालक झाला नाही.

दुसरी बाब सवलतींच्या क्रमाची. गाविरिया सरकारने सुरुवातीलाच ठरवून घ्यायला हवे होते की, आपण शेवटी कुठपर्यंत जाऊ शकतो, आणि तेवढे एकाच वटहुकुमात द्यायला हवे होते. वटहुकूम पाच महिन्यांत वारंवार बदलत राहिल्याने एस्कोबारला प्रत्येक ओलिसाची किंमत कळत गेली. अर्थात हे आज सांगणे सोपे आहे. सप्टेंबर १९९० मध्ये एवढी सवलत एकदम दिली असती तर गालान यांच्या चितेची राख थंड होण्याआधी सरकार शरण गेले, असा आरोप झाला असता आणि तो पेलण्याचे बळ नव्या राष्ट्राध्यक्षाकडे होते की नाही, हे मी खात्रीने म्हणू शकत नाही.

तिसरी बाब अटभंगाची. ज्या वटहुकुमांत कबुली, सूट आणि तारखा यांचा एवढा काटेकोर विचार झाला, त्यांच्या जोडीला तुरुंगाबाबतची व्यवस्था होती ती पत्रव्यवहार, निरोप आणि नगरपालिकेचे ठराव यांतून उभी राहिलेली. कैद्याने तुरुंगातून टोळी चालवली तर चोवीस तासांत काय करायचे, त्याला कुठे हलवायचे, कोणत्या तुकडीने आणि कोणाच्या हुकमाने, हे १९ जून १९९१ रोजी लिहून ठेवलेले असते, तर जुलै १९९२ मध्ये एका उपमंत्र्याला रात्री डोंगरावर पाठवून ते शोधावे लागले नसते. स्थलांतराची पर्यायी कोठडी शरणागतीच्या दिवशीच तयार असायला हवी होती, आणि ती तशी असल्याचे कैद्याला माहीतही असायला हवे होते.